पाणी न लागलेली वडी

हात पुढे करण्याआधी जरा ऐका. मी साबणाची वडी आहे, आणि माझ्याइतकी घाणेरडी झालेली वस्तू तुम्ही पाहिली नसेल.

जन्म मात्र चांगल्या घरचा. नाब्लुसच्या एका कारखान्यात ऑलिव्हचं तेल कित्येक दिवस रटरटलं, फरशीवर ओतलं गेलं, थिजल्यावर कापलं गेलं. मग आम्हा वड्यांचे माणसाहून उंच मनोरे रचले, वारा खात सुकायला. तिथून मी नदीपार आले, जॉर्डनमध्ये, मफरकजवळच्या एका प्राथमिक शाळेत. वाटलं, इवलेइवले हात, भरपूर फेस!

कसला फेस! त्या गावाला नळाचं पाणी फक्त मंगळवारी. गच्चीवरच्या टाक्या भरून घ्यायच्या आणि आठवडा काढायचा. म्हणून मुख्याध्यापिका सित्त, म्हणजे बाई, इंतिसार यांनी आवारातल्या नळाला कुलूप घातलं, मला काचेच्या कपाटात ठेवलं, आणि खेळाचा तास वर्गात बाकांवर बसवला.

"पोरं धावली की तहानतात, तहानली की पाणी मागतात," त्या म्हणायच्या. "बसल्या जागी हात वर-खाली केले तरी व्यायामच की!"

खेळ आणि आरोग्य शिकवायला रुदैना नावाची तरुण बाई होती. तिच्या दुसरीच्या वर्गात तीन पोरांना कावीळ झाली. त्यातली सात वर्षांची लुजैन महिन्याने परत आली, तेव्हा तिच्या गळ्याची हाडं मोजून घ्यावीत अशी वर आली होती. तेव्हापासून रुदैनाचा एकच हट्ट: पोरांनी खेळावं, आणि खाण्याआधी हात खरोखर धुवावेत.

"धुतात की," इंतिसार म्हणाल्या. "सगळ्या पायऱ्या तोंडपाठ आहेत त्यांच्या."

ते धुणं असं. मला कोरडीच बाहेर काढायची. बत्तीस पोरं मला हातोहात फिरवायची आणि ओरडायची, "तळवा! पाठ! बेचक्या!" पाण्याचा थेंब नाही. कुणी नुकतंच नाक कोरलेलं, कुणाच्या बोटांना फलाफलचं तेल. एकाने तर मला काखेत धरून दोन्ही हात चोळून दाखवले. शेंबूड, त्यावर खडूची पूड, त्यावर केस. आणि त्याच हातांनी पोरं झातरचा मसाला लावलेली रोटी खायला बसायची. साबणाला ओकता येत नाही, हे माझं नशीब.

एक दिवस वरून तपासनीस आले. वर्ग चकाचक, पोरं ताठ. साहेबांनी नुकतीच खजुराची बिस्किटं खाल्ली होती.

"मीही करून बघतो," ते हसून म्हणाले. त्यांनी मला चिकट तळव्यांत घोळवलं, बाकावर सोडलं, आणि बोटं चाटत उरलेलं बिस्कीट संपवलं. शी!

मी बाकांवरून फिरत शेवटी लुजैनपर्यंत पोचले. तिने हात पुढे केला. रुदैनाने मला मधेच उचललं आणि मुठीत धरलं.

साहेबांच्या ते ध्यानातही आलं नाही. 'उत्कृष्ट' असा शेरा लिहून ते गेले. गाडी वळली तशी इंतिसार कडाडल्या, "भर कार्यक्रमात पोरीला वगळलंस?"

"आत्ता कुठे उठलीय ती. नवा आजार तिच्या हातावर ठेवू?"

"वडी दे इकडे. पुढच्या वर्षी तपासणीला लागेल."

"नाही देत, सित्त इंतिसार."

"डोकं फिरलं का गं? आणि पाणी? तुझ्या बापाच्या घरून आणणारेस?"

"बापाच्याच घरून आणते."

दुसऱ्या दिवशी रुदैनाचा म्हातारा बाप खरंच गाडीत तीन कॅन घालून घेऊन आला. "बायकोने भांडी घासायचं पाणी दिलंय," तो म्हणाला. "सांडाल तर मला घरात घेणार नाही ती."

त्या दिवशी पोरं आवारात पळाली. पडली, भांडली, धुळीने माखली. मग रांग लागली. रुदैनाने मला ओलं केलं, आणि माझ्या अंगावरून काळं, बुळबुळीत पाणी ओघळलं. ती नाक मुरडून माझ्यावरचा थर नखांनी खरवडत राहिली.

"शीऽऽ! हे आम्ही रोज चोळत होतो?" लुजैनने विचारलं.

"हो," रुदैना म्हणाली. एवढंच. तिचे कान लाल झाले होते.

मग लुजैनने हात धुतले. तिच्या बोटांत मला पहिल्यांदा फेस आला.

आता मी चपटी, पातळ उरले आहे, दोनचार दिवसांची सोबती. कॅन आठवड्यातून दोनदा येतात, इतर दिवशी हात तसेच राहतात. सित्त इंतिसार रुदैनाशी बोलत नाहीत. आणि कपाटात नवी वडी आली आहे, कोरी, देखणी, शेऱ्याच्या कागदाशेजारी. बिचारीला वाटत असेल, आपला मान राखलाय.

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर जाताना थोडं पाणी न्या. तिला बाहेर काढा आणि ओली करा.