ओठ मिटलेले, दात सुटे

मंगलची दाढ मोडली ती वरणभात खाताना. हाडूक नाही, सुपारी नाही, साधा खडासुद्धा नाही. दुसऱ्याच घासाला तोंडात काहीतरी कटकन वाजलं, तिनं जिभेनं चाचपून बाहेर काढलं, तर तळहातावर दाढेचा पांढरा कपचा.

"भातानं दाढ मोडली?" तिचा नवरा अमृत ताटावरनं वाकून बघायला लागला. "तांदूळ तरी कुठला आणलास गं?"

हसण्यासारखंच होतं, पण मंगल हसली नाही. अलीकडं ती फारशी हसत नव्हती. कुणी तसं म्हटलं असतं तर तिनं ते मान्य केलं नसतं, एवढंच.

मंगल चव्वेचाळीस वर्षांची. मूळची माण तालुक्यातल्या धनगराची पोर. दहिवडीला कॉलेज केलं, आणि गेली अठरा वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ हळद तपासायच्या एका लहानशा प्रयोगशाळेत कामाला होती. कुठल्या पोत्यातल्या हळकुंडात ओल किती, रंग किती, पुडीत कुणी काय मिसळलंय, हे हुडकण्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. नमुना समोर आला की कारण सापडेपर्यंत तिला चैन पडत नसे. म्हणून दुसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवी झाल्यावर तिनं दुखण्याचं काहीच सांगितलं नाही. विचारलं, "मोडली कशानं, ते आधी सांगा."

डॉक्टर संयोगिता तिच्याहून दहाबारा वर्षांनी लहान. तिनं हातात आरसा देऊन मंगलला तिच्याच दाढा दाखवल्या. वरचे उंचवटे झिजून पार सपाट झालेले.

"मंगलताई, तुम्ही दात आवळता."

"झोपेत?"

"झोपेत, आणि जागेपणीसुद्धा. खुर्चीवर बसल्यापासून मी बघतेय. तुमच्या गालाचा स्नायू टणक झालाय. आत्ता, या घडीला, वरचे दात खालच्यांना टेकलेत का?"

नुसते टेकले नव्हते. कुलूप लावल्यासारखे घट्ट होते. मंगलला मोठं नवल वाटलं.

"मग ते टेकायचे नसतात?"

"जेवताना आणि गिळताना टेकायचे. सगळं मिळून दिवसाला पंधरा-वीस मिनिटं. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे." संयोगितानं हातमोजे काढले. "डोकं दुखतं?"

डोकं दुखत होतं, पण ते उन्हानं. मानही धरलेली असे, ती वाकून काम करण्यानं. पोटात जळजळ होई ती चहानं, आणि पहाटे तीनला डोळे उघडत ते वयामुळं. मंगलनं सगळ्यांची उत्तरं तयार ठेवली होती.

"चार दुखणी आणि चार वेगवेगळी कारणं," संयोगिता म्हणाली. "चार पोत्यांत एकच भेसळ सापडली, तर तुम्ही काय म्हणता?"

"माल एकाच ठिकाणाहून आलाय म्हणते," मंगल म्हणाली.

दाढेला टोपी बसायला दोन आठवडे लागणार होते. रात्री दातांवर चढवायला एक पारदर्शक पट्टी करून मिळणार होती. "पण पट्टीनं दाढा वाचतील," संयोगिता म्हणाली, "तुम्ही आवळता कशापायी, ते पट्टीला नाही कळणार."

त्या वाक्यानं मंगलला काम मिळालं. घरी जाताना तिनं लाल टिकल्यांचं एक पाकीट घेतलं. एक टिकली ओल मोजायच्या यंत्रावर, एक स्कूटरच्या वेगाच्या काट्याशेजारी, एक फ्रिजवर, एक फोनच्या पाठीवर. टिकली दिसली की दात बघायचे आणि वहीत लिहायचं: वेळ, काय चाललंय, आणि दात सुटे की टेकलेले की आवळलेले.

"फ्रिजला कुंकू कशाला लावलंस?" अमृतनं विचारलं.

"प्रयोग चाललाय."

"कुणावर?"

"माझ्यावर."

अमृतचं दुचाकीचं गॅरेज होतं. बिघाड आवाजावरून ओळखायची त्याला सवय होती. तो एवढंच म्हणाला, "बरं झालं. मी कवाधरनं ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"तू झोपलीस की कराकरा वाजतं. म्हटलं, सांगून उगं घोर लावायचा कशाला?"

पहिल्या आठवड्याची वही वाचून मंगल चक्रावली. तिला वाटलं होतं, हंगामाच्या गर्दीनं होत असणार. फेब्रुवारी सुरू झालेला, टेबलावर नमुन्यांच्या पिशव्यांचा ढीग. पण दादासो नावाचा एक व्यापारी अहवालावरून तासभर तिच्यावर ओरडून गेला, त्या नोंदीपुढं चक्क 'सुटे' लिहिलेलं. ऐन गर्दीत रिक्षा आडवी आली, तेव्हाही सुटे. उलट रविवारी दुपारी घरात सामसूम असताना आवळलेले. कृष्णेच्या घाटावर निवांत बसली होती, तिथंही आवळलेले. मग हे आहे तरी काय? कटकटीला दात ढिले आणि शांततेत घट्ट?

दुसऱ्या आठवड्यात तिनं एक रकाना वाढवला, फोन कुठंय. आणि मग चित्र उमटायला लागलं. फोन वाजून बोलणं झालं की अर्धा तास दात सुटे. फोन गप्प पडला की हळूहळू जबडा मिटत जायचा. सगळ्यांत वाईट नोंदी दिवसाच्या एका ठरावीक वेळेतल्या होत्या. तिनं त्या पेन्सिलीनं अधोरेखित केल्या. अकरा ते पाच.

मंगलनं पेन्सिल खाली ठेवली. ती वेळ तिच्या ओळखीची होती.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिचे आबा, म्हणजे वडील जोतीराम, मेंढरं चारताना ओढ्यात पडले होते. मांडीचं हाड मोडलं. खिशात साधा बटणाचा फोन होता. वाचता येत नसल्यामुळं मंगलनंच एका बटणावर तिचा नंबर बसवून दिलेला. अकराच्या सुमाराला त्यांनी तिला चार वेळा फोन लावला. तिचा फोन आवाज बंद करून पिशवीत होता. त्यानंतर त्यांच्या फोनची बॅटरी संपली. ऊन कलल्यावर मेंढरं एकटीच घरी आली, तेव्हा पुतण्या बिराप्पा शोधायला निघाला आणि पाचच्या पुढं ते सापडले. सांगलीला आणून शस्त्रक्रिया केली, म्हातारा सहा महिन्यांत पुन्हा काठी घेऊन माळावर. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं.

पण एक गोष्ट मंगलनं अमृतलाही सांगितली नव्हती. ते चार फोन तिनं दोन वाजता पाहिले होते. परत लावला, बंद लागला. आबांकडून चुकून बटण दाबलं जातं, तसंच असेल असं म्हणून तिनं डबा उघडला होता.

रविवारी पहाटेच्या एसटीनं ती निघाली. विट्याला गाडी बदलली, दुपारी वस्तीवर पोचली. आबा लिंबाखाली बसून एका कोकराच्या पायातला काटा काढत होते.

"आज फोन न्हाई, सोताच?" ते म्हणाले. "सकाळी इचारतीस काय करताय, दुपारी इचारतीस काय करताय, चारला पुन्यांदा तेच. आगं मेंढरं राखतोय, दुसरं काय करनार?"

मंगल शेजारी बसली. कोकरू सुटून पळेपर्यंत थांबली.

"आबा, त्या दिवशी वड्यात पडल्यावर तुमी काय केलं?"

"केलं म्हंजी? पडलो."

"पडल्यावर. सा तास."

तीन वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी हाडाचं विचारलं, लोकांनी खर्चाचं. मंगलला स्वतःला विचारायची गरज वाटली नव्हती. तिच्या डोक्यात ते सहा तास रोज घडत होते. तापलेला खडक, कण्हणं, फोनच्या बटणावर पुन्हा पुन्हा दाबलेला अंगठा.

"आदी त्या धोंड्याला शिव्या दिल्या," आबा म्हणाले. "मग तुला फोन लावला. त्यो मेला. म्हनलं, पोर कामात आसंल. मग कोपरावर सरकत करंजाखाली सावलीत गेलो, त्यात घटकाभर गेली. भवतीनं समदी मेंढरं उभी. त्यातली ती बांडी शेळी न्हाई का, ती माजा पटका खायाला लागली. काठी पडलेली लांब. मी वरडतोय अन् ती खातीय! आरदा पटका खाल्ला गं तिनं."

मंगलला फसकन हसू आलं. आणि हसताना डोळ्यांतनं पाणी.

"मग डोळा लागला."

"झोपलात तुमी?"

"झोपलो की. दुसरं काम काय हुतं?" ते म्हणाले. "शेवटाला मातर भ्यालो. खोटं कशाला बोलू? उनं कलली, मेंढरं घराकडं गेली, तवा वाटलं आता कोन येतंय. तुजी आय आठवली. रडलो जरा. तेवढ्यात बिराप्पाची हाक आली."

"आबा, तुमचा फोन मी दोन वाजता बघितला हुता."

तिनं सगळं सांगितलं, डबा उघडण्यापर्यंत.

"दोनला तू सांगलीसनं कवा पोचली आसतीस?" ते म्हणाले.

"बिराप्पाला लावला असता. त्यो आर्ध्या तासात आला असता."

आबांनी विचार केला. "व्हय," ते म्हणाले. "ते खरं हाय. चुकलं मग तुजं. माजंबी चुकलं, एका बटनावर ऱ्हायलो." त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पर मंगे, म्या कवाच घरी आलोय. तू आजून तितंच बसलीयास व्हय गं?"

ती परत आली म्हणून दात लगेच सुटले असं काही झालं नाही. उलट पहिल्या आठवड्यात तिला जास्तच थकल्यासारखं वाटलं. संयोगितानं वही पाहिली आणि विश्रामबागेतल्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. मंगल आधी बिचकली, मग कुतूहलापोटी गेली. त्या बाईंनी सांगितलं की धोका कधीच टळलाय हे मनाला माहीत असतं, अंगाला मात्र पुन्हा पुन्हा दाखवून द्यावं लागतं. मग कसं दाखवायचं, यावर दोघींचं तासभर डोकं चाललं. त्या रात्री मंगलनं अमृतलाही ती दोन वाजताची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "तीन वर्षं एकटीनं ओढलंस हे. मला सांगायचं न्हाई व्हय?"

आबांच्या फोनमध्ये आता तीन बटणं बसली. पहिलं बिराप्पाचं, दुसरं शेजारच्या सुलाबाईंचं, तिसरं मंगलचं. तिनं आबांना फोन करायचा तो दिवसातनं एकदाच, सांजेला. प्रयोगशाळेत तिनं फोन खणात ठेवायला सुरुवात केली, आधी दहा मिनिटं. सातव्या मिनिटाला कानशिलं तडतडायची. ती घड्याळ बघायची, खांदे खाली सोडायची आणि काय होतंय ते लिहायची. दहाची वीस झाली, विसाचा तास झाला. एकदा बारा वाजल्यावर तिनं खण उघडून बघितला, आणि बघितल्याचं वहीत लिहूनही टाकलं.

मेमध्ये हंगाम उतरणीला लागला. एका रविवारी ती फरशीवर बसून डाळ निवडत होती, ती तिथंच सुपाशेजारी कलंडली. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलेलं, अंगावर चादर. अमृत दारात बसून सायकलच्या चाकाचे आरे घट्ट करत होता.

"किती वाजले?" ती दचकून उठली. "काय झालं?"

"साडेपाच. तीन तास झोपलीस."

"तुमी उठवलं न्हाई?"

"कशाला उठवायचं? काय झालंच न्हाई."

मंगल भिंतीला टेकून तशीच बसली. बाहेर कुणाची तरी पाण्याची टाकी भरून वाहत होती. तिचं अंग जड झालं होतं, सुखानं जड. कसं वाटतंय ते नीट बघावं म्हणून तिनं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "लय."