खालच्या कप्प्यातले प्राणी

सासरे दोन दिवसांसाठी आपल्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेले आणि त्याच दुपारी सुनेने बाळाच्या बाटल्या उकळायचं मोठं पातेलं बाहेर काढलं.

तशी ती आततायी नव्हती. औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी, शिकली-सवरलेली बाई. पण ठकी जन्मल्यानंतर अकरा दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती आणि त्या अकरा दिवसांत तिच्या आईच्या जिवाला जो घोर लागला, तो ठकी पेटीतून बाहेर आली तरी गेला नाही. आता दहा महिन्यांची ठकी भरधाव रांगत होती, आणि रांगायला लागल्यापासून तिचा मोर्चा एकाच दिशेने निघायचा. बाहेरच्या खोलीतलं आजोबांचं काचेचं कपाट.

त्या कपाटात चार कप्पे होते आणि चार कप्प्यांत मिळून एक्क्याऐंशी प्राणी. सगळे रबरासारख्या चिवट प्लास्टिकचे, सगळे वीतभर, आणि बहुतेक सगळे माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी मरून गेलेले. सासऱ्यांनी छत्तीस वर्षं एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवल्या. लोकांचे खोटे दात करता करता त्यांना या जनावरांच्या खऱ्या दातांचं वेड लागलं. नवा डायनोसॉर घरात आला की आधी त्याचा जबडा तपासायचा. “अरे, हा पाला खाणारा आणि याला सुळे? ज्याने बनवलाय त्यालाच कवळी बसवली पाहिजे!” मग भिंग लावून, कवळ्यांच्याच पात्याने ते सुळे तासायचे आणि बारीक कुंचल्याने रंगवायचे. मांडणीही त्यांचीच. सगळ्यात जुने सगळ्यात खाली, मग त्यांच्यानंतरचे, असं करत वरच्या कप्प्यावर केसाळ मॅमथ. “जमिनीत सापडतात तसे,” ते सांगायचे.

त्यामुळे सगळ्यात जुने ते ठकीच्या हाताला लागायचे. त्यातही तिला एकच हवा असायचा, पाठीवर होडीच्या शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन. सासऱ्यांचाही तो लाडका. त्याचं नाव पडलं तेच मुळी त्याच्या लहानमोठ्या दातांवरून. “आणि हा डायनोसॉर नव्हे बरं का, ठकूबाई. हा त्यांच्याही आधीचा, आणि नात्याने आपल्या बाजूचा. तुझा लांबचा काका.” काकाचं शीड ठकीच्या तोंडात, आणि आजोबा शेजारी मांडी घालून कौतुकाने बघतायत.

“बाबा, त्यावर धूळ असते हो,” ती म्हणायची.

“धूळ कुठली? रोज कुंचल्याने झाडतो मी. घासून घे गं हिरड्या, काका काही म्हणत नाही.”

मग ठकीला ताप आला, पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, दात येतायत, साथही आहे, होतं असं. तिने मान डोलावली आणि मनात म्हटलं, मला ठाऊक आहे कशाने होतं ते. आठवड्याभराने तिची रजा संपणार होती. त्या सोमवारपासून ठकी दिवसभर आजोबांकडे असणार होती. तेव्हा डोळ्यांत तेल घालून कोण बसणार?

तर तिने खालच्या दोन कप्प्यांतले चोवीस प्राणी पातेल्यात सोडले, झाकण ठेवलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं खळखळून उकळले.

मग झाकण काढलं. वाफेत सगळा कळप माना टाकून पडला होता. चिमट्याने एकेक उचलावा तर पाय भिजलेल्या वातीसारखे लोंबायचे. तिने घाईघाईने त्यांना पंच्यावर पसरलं. पंच्यावर जसे पडले तसेच ते निवून घट्ट झाले. बारीक पायांचे दोन पायांवर चालणारे तर उभेच राहीनात. डायमेट्रोडॉनचं शीड एका बाजूला कललं होतं, वारा पडल्यासारखं.

आता काय करायचं? खरं तर काहीच करायचं नव्हतं, फक्त सांगायचं होतं. पण ठकी उठून रडायला लागली, आणि एकदा ठकी रडली की तिला बाकी काही सुचत नसे. तिने ते चोवीस प्राणी कपाटात परत लावले. वाकड्याला काचेचा आधार दिला, पडणाऱ्याला शेजाऱ्याच्या अंगावर रेलवला. आणि डायमेट्रोडॉन खालच्या कप्प्यात मावेना म्हणून त्याच्या वरच्या, दुसऱ्या कप्प्यात, लांब मानेवाल्यांच्या मागे सरकवला.

सासरे आले ते पिशवीही न ठेवता कपाटापुढे उभे राहिले.

“हे काय झालं?”

नवरा चहाचा कप घेऊन आला, वाकून बघितलं आणि खात्रीने म्हणाला, “दिवा! बाबा, कपाटातला पिवळा दिवा चालू ठेवून गेलात तुम्ही. दोन दिवस तापला असणार. वितळले बिचारे.”

“मी बंद केला होता.”

“मग कोणी चालू केला? मॅमथने?”

सासरे हसले नाहीत. “बंद केला होता रे मी,” ते पुन्हा म्हणाले, पण या खेपेला आवाज जरा खाली आला. मग त्यांची नजर दुसऱ्या कप्प्यात गेली. लांब मानेवाल्यांच्या मागून त्यांनी अलगद डायमेट्रोडॉन काढला आणि तळहातावर ठेवून शिडावरून बोट फिरवलं. “याला मी इथे ठेवला?”

स्वयंपाकघराच्या दारात ती ठकीला कडेवर घेऊन उभी होती. सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलंही होतं तिने. पण बाहेर आलं ते भलतंच. “बाबा, चहा टाकू का तुम्हाला?”

खोटं बोलायलासुद्धा निदान एक वाक्य लागतं. तिने तेवढंही खर्चलं नाही. नवऱ्याने एक कारण देऊन ठेवलं होतं आणि ती त्याच्या आडोशाला जाऊन बसली.

त्यानंतर घरात काही वाईट घडलं असं नाही. उलट सगळे फार प्रेमाने वागत होते, आणि तेच तिला सोसवेना. नवरा चेष्टा करायचा, “बाबा, आता तुम्हालाच सर्व्हिसिंगला टाकायला हवं,” आणि मग रात्री जेवताना हळूच विचारायचा, “गोळी घेतली ना? नक्की?” सासरे दोनदा खिसे चाचपायचे. चष्मा डोळ्यावर असताना चष्म्याच्या घरात बघायचे. पूर्वीही बघायचे, पण तेव्हा ते स्वतःलाच हसायचे.

चौथ्या दिवशी ते आपण होऊन म्हणाले, “मला जरा दाखवून आणा डॉक्टरांना. दिवा एकवेळ समजू शकतो. पण डायमेट्रोडॉन वरच्या कप्प्यात? हात तुटला तरी मी तसं करणार नाही. आणि केलं, ते आठवतही नाही.”

नवऱ्याला सुट्टी नव्हती. तीच गेली सोबत, ठकीला मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. मग कागद पुढे केला. “घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.”

छत्तीस वर्षं ज्या हाताने केसाच्या जाडीचं माप चुकवलं नाही तो हात कागदावर थरथरला. सासऱ्यांनी गोल काढला, आकडे मांडले, आणि काटा काढण्याआधी शाळेतल्या पोरासारखं तिच्याकडे बघितलं. बरोबर आहे ना, अशा नजरेने. तिने मान हलवून हो म्हटलं. ठकीच्या झबल्याची नाडी तिने तेवढ्या वेळात चार वेळा सोडून बांधली.

“सगळं ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “वयाप्रमाणे थोडंफार होतं. लक्ष ठेवा.”

पहिलं वाक्य कोणी घरी आणलंच नाही. आणलं ते फक्त “लक्ष ठेवा.”

शनिवारी सासरे तिला म्हणाले, “सोमवारचं जरा दुसरं काही बघता येईल का? एखादी बाई मिळाली तर... मी घरात असेनच. पण एकट्याकडे नको ठेवूस हिला. जो माणूस दिवा विसरतो तो गॅसही विसरेल.”

आणि त्याच क्षणी तिला स्वतःचं काहीतरी कळलं, जे कळलं नसतं तर बरं झालं असतं. ते बोलत असताना तिच्या मनात कुठेतरी सुटल्यासारखं झालं होतं. बरं झालं, स्वतःच म्हणाले. चोवीस प्राणी उकळताना तिला जे म्हणायचं होतं, तुमच्यावर माझा भरवसा नाही, ते आता त्यांच्याच तोंडून येत होतं. तिला काही करावंच लागलं नव्हतं. नुसतं गप्प बसणं पुरलं होतं.

रविवारी सकाळी नवरा बाजारात गेलेला. ठकी रांगत रांगत आजोबांच्या पायाशी आली, पँटला धरून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. रोजचं होतं ते. हात वर केले की आजोबा उचलणार, कपाटाशी नेणार, काका दाखवणार. सासऱ्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. “आईकडे जा, ठकूबाई. आईकडे.” ठकीला ते नवीन होतं. तिने हात आणखी उंच केले.

ती ठकीला उचलायला धावली, आणि वाकताना तिला कपाटाच्या दिव्याच्या बटणाखाली चिकटवलेली चिठ्ठी दिसली. कवळ्यांवर पेशंटचं नाव लिहायचे त्याच बारीक अक्षरात: शुक्रवार, ९.१०, बंद केला. शनिवार, ९.०५, बंद केला. पुन्हा उठून पाहिला, बंद आहे.

“दिवा नव्हता, बाबा,” ती म्हणाली.

“काय?”

“दिवा तुम्ही बंदच केला होता. मी उकळले. ठकी तोंडात घालते म्हणून पातेल्यात घालून उकळले. आणि डायमेट्रोडॉन वरती मीच ठेवला. तुम्ही काहीच विसरला नाहीत. काहीच नाही.”

सासऱ्यांनी विचारलं ते अगदी कारागिराने विचारावं तसं. “किती वेळ?”

“दहा मिनिटं.”

“झाकण ठेवून?”

“हो.”

“दहा मिनिटं,” ते पुटपुटले. “दहात तर हत्तीही शिजेल.” क्षणभर तिला वाटलं, हसतील. तिचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता. पण ते म्हणाले, “डॉक्टरांकडे तू माझ्या शेजारी बसली होतीस.”

“हो.”

“मी घड्याळ काढलं.”

“हो, बाबा.”

“तू मान हलवलीस.”

माफ करा म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण त्या वाक्यापुढे ते फारच स्वस्त वाटलं. सासऱ्यांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

नवरा आला तेव्हा तिने त्यालाही सांगितलं. तो आधी भडकला, मग “अगं, प्लास्टिकचे तर आहेत” म्हणाला, मग चिठ्ठी वाचली आणि खाली बसला.

दीड तासाने सासरे परतले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. “पाणी गरम कर,” ते म्हणाले. “उकळू नकोस. बोटाला चटका बसेल इतपत. आणि दुसऱ्या भांड्यात बर्फ घालून गार.”

जेवणाच्या टेबलावर त्यांनी दुकान मांडलं. एकेक प्राणी चिमट्याने गरम पाण्यात धरायचा, पाय मऊ झाला की बाहेर काढून बोटांनी सरळ करायचा, तसाच धरून गारात बुडवायचा. कवळ्या करताना मेणाच्या पट्टीला आकार द्यायचे तसाच. ती पंचा घेऊन शेजारी उभी होती. तासभर ते तिच्याशी “हं, दे” आणि “धर” याखेरीज काही बोलले नाहीत. बोटं जराही थरथरत नव्हती. संध्याकाळपर्यंत तेवीस प्राणी आपल्या पायांवर उभे राहिले. डायमेट्रोडॉनच्या शिडाला मात्र त्यांनी तीनदा प्रयत्न केला. गारातून काढलं की ते हळूहळू पुन्हा कलायचं.

“राहू दे,” शेवटी ते म्हणाले. “ठकीला दे. तिचाच आहे तो आता.” आणि जरा थांबून, “साबणाने धुतला तरी चालतो. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

सोमवारी सकाळी ती डबा, पर्स, ओळखपत्र घेऊन दारात उभी राहिली. सासऱ्यांच्या कडेवर ठकी होती आणि ठकीच्या तोंडात काका. बटणाखालची चिठ्ठी काढून टाकलेली तिने येता येता बघितली होती. गॅस, कडी, दुधाची वेळ, जिभेवर आलेल्या सगळ्या सूचना तिने एकेक करून गिळल्या.

“येते, बाबा.”

“ये. आणि फोन करत बसू नकोस तासातासाला. आम्ही दोघं समर्थ आहोत.”

ते पूर्वीसारखंच म्हणाले, जवळजवळ. दार बंद झालं. आतून कडी लागल्याचा आवाज आला आणि ती जिना उतरायला वळली.

दोन पायऱ्या उतरते तोच मागे कडी पुन्हा वाजली. काढून, परत लावलेली. ती कठड्याला धरून थांबली. आत ठकी काहीतरी बडबडत होती. थोडा वेळ गेला, पावलं आत गेल्यासारखी वाटली, मग माघारी आली, आणि कडी तिसऱ्यांदा वाजली.