पाहुण्यांच्या शुभहस्ते

नागसेन कांबळे थायलंडहून मासे वाढवायचं प्रशिक्षण घेऊन आला, तेव्हा कोडोलीजवळच्या त्याच्या गावाला एकच प्रश्न पडला : याचा सत्कार कुठे करायचा? "तळ्यावरच करू की," सरपंच अण्णासो म्हणाले. तळं गावचं होतं. नागसेनच्या आज्ज्याला त्यात घागर बुडवायची मुभा नव्हती. दोन हजार चार साली नातू त्यात परदेशी शिक्षण सोडणार, म्हणून गाव स्वतःवर फार खूष होतं.

ठरावही झाला होता. नागसेनने आणलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तळ्यात जगली तर तळं पाच वर्षं बौद्धवाड्यातल्या गटाकडे. मेली तर लिलाव. लिलावात कोण घेणार हे ठरावात नव्हतं. पण अण्णासोंना मेहुणा एकच होता.

बोटुकली सकाळीच आली. प्लास्टिकच्या पिशव्या, तळाशी पाणी, वर ऑक्सिजन भरलेला. नागसेनची बायको संघप्रिया त्यांवर ओली पोती टाकून जांभळीखाली बसली. थायलंडात शिकवलेलं सोपं होतं. पिशवी आधी तळ्यावर तरंगत ठेवायची; आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं झालं की तोंड सोडायचं; पिल्लं आपली आपण जातात. मात्र ऊन चढायच्या आत.

प्रमुख पाहुणे ऊन चढायच्या आत जोतिबाच्या दर्शनाला गेले होते.

"अण्णा, निदान पिशव्या पाण्यात ठेवू," नागसेन म्हणाला. "ऑक्सिजन संपत आलाय."

"संपतोय कसा? पिशवी टुम्म फुगलीया की! आनि तळ्यात पयला हात पावण्यांचा. पत्रिकेत छापलंय."

"मग दुसरा माझा असू दे, पण आत्ता—"

"तुझा कशाला हात? तू सत्कारमूर्ती. बस खुर्चीत."

नागसेन बसला. त्याला शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधला. मुख्याध्यापकांनी मत्स्यावतारापासून सुरुवात केली. थायलंडपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. फेटा कानावर आल्यामुळे संघप्रियाची पहिली हाक नागसेनला ऐकूच आली नाही.

"अवो, तोंडं वर काढाय लागल्यात!"

"भाषण आवडलं न्हाय वाटतं त्यास्नी," पुढच्या रांगेतला पिराजी म्हणाला. लोक हसले. मुख्याध्यापकही हसले आणि पुन्हा सुरू झाले.

नागसेन उठला. अण्णासोंनी माईक बाजूला केला, आवाज मात्र खाली आणला नाही.

"पावण्यांच्या आधी पाण्यात गेलास, तर ठराव फाडला म्हनून समज."

उठलं तर तळं जात होतं, बसलं तर मासे. तेवढ्यात वळणावर धुरळा दिसला. पाहुणे आले असं समजून नागसेन खाली बसला. दुधाचा टेम्पो होता.

पाहुणे आले ते कपाळभर गुलाल घेऊन, सावकाश, भेटेल त्याला नमस्कार करत. तोपर्यंत पिशव्यांतली हालचाल थांबली होती. पाहुण्यांनी पहिली पिशवी चाकूने फाडली आणि तळ्यावर पालथी केली. पाण्यावर पांढरी पोटं पसरली. हलगी वाजली. टाळ्या पडल्या.

"झोपल्यात काय रे?" पाहुण्यांनी विचारलं.

"परवासानं दमल्यात, सायेब," अण्णासो म्हणाले.

"सायेब, आनि एक पिशवी," फोटोवाला म्हणाला. "जरा हसा."

सगळ्या पिशव्या झाल्यावर अण्णासोंनी माईक घेतला. "परदेशी शिक्षण आपल्या पाण्याला मानवलं न्हाय. नागसेननं झटून केलं, त्यात वाद न्हाय. ठरावापरमानं लिलाव हुईल. चा घेतल्याबिगर कुनी जायाचं न्हाय."

मंडळी चहाकडे वळली. मेलेली पिल्लं लगेच काढली नाहीत तर पाणी नासतं, हेही थायलंडात शिकवलं होतं. शिकलेल्यातलं एवढंच करायला आता कुणाची आडकाठी नव्हती. नागसेनने फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. जाळं तळं मिळाल्यावर घ्यायचं होतं. म्हणून सत्काराच्या शालीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं संघप्रियाने. शाल हलक्यातली होती. पाणी गळून जायचं, पिल्लं तेवढी राहायची.

हातात कप घेऊन पिराजी काठावर आला.

"नागसेन, थायलंडात अशीच धरत्यात व्हय रं मासं?"

"व्हय," नागसेन म्हणाला. मग संघप्रियाकडे वळून म्हणाला, "जरा ताठ धर. सांडाय लागल्यात."