बिश्नीचा उसना श्वास

"अंगठा गेला माझा कामातून! अख्खं शेत लावलं तरी एवढा दुखला नव्हता," मंगरूकाका माझ्या तोंडाशीच पुटपुटले आणि त्यांनी मला पुन्हा दाबलं.

मित्रांनो, मी एक जुनी अंबू पिशवी आहे. मला दाबलं की मास्कमधून माणसाच्या छातीत हवा जाते. सोडलं की मी पुन्हा फुगते. नवी होते तेव्हा तराईतल्या या आरोग्य चौकीत मला चक्क हार घातला होता. मग खिळ्याला लटकले. उंदरांनी कड कुरतडली, तुलसा सिस्टरांनी चिकटपट्टी लावली. पण मला लटकायला आवडतं. मी रिकामी, म्हणजे गावात ज्याचा तो श्वास घेतोय.

आज मास्कखाली बिश्नी आहे. जमिनीवर झोपली होती, मच्छरदाणी न लावता. मण्यार चावली ते तिला कळलंच नाही. ना दुखलं, ना सुजलं. पहाटे पोटात कळा आल्या, तर तिची आई असर्फी म्हणाली, "काल घोंघ्या, शेतातल्या गोगलगायी ओरपल्यास त्या बाधल्या!" मग बिश्नी म्हणाली, "आई, तू मला दोन दोन दिसतेस." "का गं, एक पुरत नाही तुला?" असर्फी हसली. पण पोरीच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं गेंगाणं झालं, आणि हसू जागच्या जागी विरलं.

मण्यारीचं विष नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप वाटेतच तोडतं. डोकं सांगतं, पण पापणी उघडत नाही. मग जीभ जाते, मान जाते, शेवटी छाती. माणूस मेल्यासारखा पडतो. काळीज मात्र चालत राहतं आणि कान ऐकत राहतात.

श्वासाचं यंत्र नदीपलीकडच्या शहरात, आणि पूल पुराखाली. म्हणून घरची माणसं आळीपाळीने मला दाबताहेत.

मला असर्फीकडे देऊन काकांनी बिश्नीची पापणी उचलून बॅटरी मारली. "वहिनी, बाहुली हलत नाही गं. लौटनचंही असंच..." त्यांनी मला पुन्हा हातात घेतलं.

लौटन म्हणजे बिश्नीचा भाऊ. मागच्या पावसाळ्यात मण्यार चावून तो याच खाटेवर होता. तेव्हाच्या आरोग्य सेवकाने अशीच बॅटरी मारली, मान हलवली आणि निघून गेला. मनगटाला कुणी हात लावला नाही. लौटनच्या मानेची शीर माझ्या नळीला टकटक करत होती. मित्रांनो, मला हवा भरता येते, ओरडता येत नाही. काकांचा हात माझ्यावरून उचलला गेला. थोड्या वेळाने ती टकटकही थांबली. तेव्हापासून त्या घरात पावसावर बोलतात, म्हशीवर बोलतात. त्या दिवसावर कुणी बोलत नाही.

"बाहुलीचं राहू द्या," तुलसा सिस्टर म्हणाल्या. त्यांची बोटं बिश्नीच्या मनगटावर होती. "विषानं बाहुलीही थिजते. नाडी बघा, चांगली चाललीय. औषध दिलंय, पण विषाने धरलेली जागा ते सोडवत नाही. ती शरीर आपलं आपण नीट करतं, सावकाश. तोवर हात थांबवायचा नाही. आणि जपून बोला, तिला सगळं ऐकू येतंय."

काकांचा हात अर्ध्यातच थबकला. "ऐकू येतं? म्हणजे तेव्हा..."

"दाबा, काका!" सिस्टर ओरडल्या.

पण असर्फीने मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. बिश्नीच्या मिटल्या डोळ्यातून पाण्याची एक रेघ कानाकडे उतरत होती.

मित्रांनो, मच्छरदाणी लावा, तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. आणि माणूस निपचित दिसला, तरी हात काढण्याची घाई करू नका.

असर्फी मला दाबत होती, सोडत होती. मग ती लेकीच्या कानाशी वाकली.

"ऐक, बिश्नी. तुझ्यावरून हात निघणार नाही. तुझा भाऊ मेला नव्हता गं. काकांनी मला विचारलं, 'काढू का हात?' मी हो म्हटलं. तो ऐकत होता."