बांधाला माणूस

दत्तात्रेयाला सैफुलचा संशय आला तो चिंबोऱ्यांवरून. धरमतरच्या जेटीवर बार्ज रिकामे करणारा हा मुर्शिदाबादचा गडी, बायको घेऊन एकट्या राहणाऱ्या पुतळीच्या घरामागच्या खोलीत राहायला आला आणि रोज ओहोटीला बांधावर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरताना दिसू लागला. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला हा बांध गावाचा जीव. गावचा पोर तिथं गेला की चिंबोऱ्या धरायला, आणि सैफुल गेला की टेहळणीला! संशयाचं असंच असतं, एकदा घरात शिरला की चुलीपर्यंत जातो.

"बांगलादेशी हाय तो," दत्तात्रेय सांगत सुटला. पोलिसांनी कागद तपासले, बरोबर निघाले. "कागद काय, पैशाला पासरी मिळतात," तो म्हणाला. बांधाचा पंच तो, त्याचा शब्द गावात खाली पडत नसे.

शेवटी ग्रामसभा भरली. मुसलमानाला खोली द्यायची नाही, असा ठराव हवा होता. ग्रामसेविका मृणाली कदमांनी पेन खाली ठेवलं.

"धर्म बघून घर नाकारायचं, हे मी लिहिणार नाही. सरकारला सगळे सारखे."

"मग धर्म लिवूच नका," दत्तात्रेय मिशीत हसला. "ज्याच्या घरचा माणूस बांधाला येत नाय, त्याला गावात खोली नाय. झालं?"

सभा खूश झाली. खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की घरटी एक माणूस धावतो, ही आजोबा-पणजोबांपासूनची रीत. कोणाला धर्म विचारलेला नाही, अन् सापही मरतो.

"त्याला कधी बोलावलंत बांधाला?" मृणालीताईंनी विचारलं.

"परक्याला कोण बोलवतं?"

तेवढ्यात दत्तात्रेयाची बायको हौसा दारात आली. तिला धड श्वास घेता येत नव्हता. "खांड! उघाडीपाशी खांड पडली!"

ठराव तिथंच राहिला. अमावास्येचं उधाण, भात पोटरीला आलेलं. माणसं घमेली घेऊन उघाडीकडे, बांधातल्या पाणी सोडायच्या दाराकडे, पळाली. दत्तात्रेय सगळ्यांच्या पुढं. आणि बघतो तर खांडीत कमरेएवढ्या पाण्यात एकटा सैफुल, हातात फावडं.

दत्तात्रेयाचं डोकंच फिरलं. खांड दिसली की आधी हाकारा द्यायचा, चार घरं गोळा करायची, मगच चिखलाला हात लावायचा; इथल्या पोरासोरांनाही हे ठाऊक. गुपचूप फावडं चालवतो तो बांध फोडणाराच!

"यानंच फोडला!" त्यानं ओरडून सांगितलं आणि तिथूनच पोलिसांना फोन लावला. दोघांनी सैफुलला ओढून वर काढलं. कोणीतरी त्याच्या थोबाडीत दिली.

मागून हौसा गुडघे धरत पोचली. "अवो, काय करताव? मीच धाडला त्याला! मी कालवं काढून परतत व्हते, बांध झिरपताना दिसला. हा जवळ व्हता. म्हटलं, तू माती टाक, मी माणसं आणते."

दत्तात्रेयानं फोन खिशात टाकला. तरी हट्ट सुटेना. "मग हाकारा का नाय दिलास रे?"

सैफुलनं ओठावरचं रक्त पुसलं. "चाचा, मैं चिल्लाता तो कौन आता?"

पाणी मात्र थांबलं नव्हतं. सैफुल पुन्हा खांडीत उतरला. त्याच्या शेजारी उभं राहायला कोणी पुढं होईना, तेव्हा दत्तात्रेय उतरला. चिखलाचे गोळे हातोहात जाऊ लागले. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मान वर होत नव्हती.

खांड अर्धी बुजली आणि जीप आली.

"फोन कुणी केला?" हवालदारानं विचारलं.

"मी. माझी चूक झाली, सायेब. बांध उधाणानं गेला. हा पुतळीच्या घरचा माणूस, बांधाला आलाय."

"नाव काय याचं?"

दत्तात्रेयानं नाव सांगितलं. हवालदारानं सैफुलकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चल, बस गाडीत. चौकशी करावी लागेल."

"अवो, पण मीच सांगतोय ना! माझाच फोन व्हता!"

"काका, तुम्ही सांगितलंत म्हणूनच आलो," हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाला. "आता असं एकदम कसं सोडायचं?"

सैफुलनं फावडं दत्तात्रेयाच्या हातात दिलं आणि चिखलाच्या पायांनी जीपमध्ये जाऊन बसला.