कुलूपमामी बंद होणार नाही

मी आडिरे बोलतेय. तसं म्हटलं तर नीळ चढवलेलं सुती कापड. पण आमच्या अबेओकुटा गावात मला आडिरे म्हणतात आणि बाईमाणसासारखं सांभाळतात, म्हणून मी बाईसारखीच बोलणार. कुणाला खटकलं तर खटकू दे.

इटोकू बाजाराच्या मागे, इबिदूनच्या आईच्या अंगणात माझा जन्म झाला. तिनं कोंबडीच्या पिसानं माझ्यावर साबुकंदाच्या खळीची नक्षी काढली. खळ असते तिथं रंग शिरत नाही. मग मला निळीच्या रांजणात बुडवलं, वर काढलं, वाळवलं, परत बुडवलं. जीव गुदमरायचा. पण त्या बाईची नखंसुद्धा निळी झालेली, तिच्याकडे तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

खरं तर मी विक्रीसाठी होते. तेवढ्यात इबिदूनला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि आईनं मला दुकानाच्या दांडीवरून ओढून घेतलं. "ही नातवाला. गिऱ्हाईक गेलं उडत."

इबिदूनचं पहिलं बाळ राहिलं नव्हतं. म्हणून या मुलाचं नाव ठेवलं दुरोजाये. थांब, जग बघ, अशी विनवणीच आहे त्या नावात. आम्ही नुसतं दुरो म्हणतो. त्याला मी इबिदूनच्या पाठीला बांधून धरते. मान लटकत नाही ना, पाय आवळले नाहीत ना, श्वास नीट चाललाय ना, हेच माझ्या मनात सारखं. त्याचं अंग तापलं की आईच्या हाताआधी मला कळतं.

दुरो झोपला की माझं दुसरं काम सुरू होतं. शेजारच्या सलूनचा जनरेटर दिवसभर फटफटत असतो. इबिदून टेबलाखाली शिरते, मला वरून चहूबाजूंनी सोडते आणि आत बसून फोनवर गोष्ट रेकॉर्ड करते. मी जेवढा अडवता येईल तेवढा आवाज अडवते. तिच्या गोष्टी जगात सगळ्यात आधी मी ऐकते, याचा मला गर्व आहे.

इबिदून लेखिका आहे. पण नुसतं लिहून चूल पेटत नाही, म्हणून ती पुष्कळ काही करते. सिनेमाच्या खाली पळणाऱ्या ओळी लिहिते. साबणाच्या जाहिरातीला आवाज देते. वारलेल्या म्हाताऱ्यांची चरित्रं लिहून देते, अंत्यविधीला वाटायची छापील पुस्तकं असतात ना, त्यातली. आणि साखरपुड्यांत ती अलागा असते. म्हणजे माईक घेऊन दोन्ही घरांना हसवायचं, गाणी म्हणायची, नवरदेवाला पालथा पाडून सासऱ्यांच्या पाया पडायला लावायचं.

तिची आई वैतागायची. "अगं, तू आहेस तरी कोण? तुझ्या सासरचे विचारतात. मी एकदा लेखिका सांगते, एकदा अलागा सांगते. मला खोटारडी समजायला लागले."

"सांग, तोंडाची खाते."

"तोंडाचं खाणारी एक दिवस तोंडावर आपटते. एक काहीतरी धर, पोरी. लेकरू आहे पदरात."

या सगळ्यात रेडिओवरची शनिवारची गोष्ट तिची लाडकी. त्यात एक सासू होती, कुलूपमामी. स्वयंपाकघराच्या किल्ल्या कमरेला लावून फिरायची आणि सुनेच्या सूपमधले मटणाचे तुकडे मोजायची. बाजारातल्या बाया हसून हसून लोळायच्या. "ही माझीच सासू गं! हिला कुणी सांगितलं?"

कुलूपमामी स्वतःचा तोरा मिरवताना एक ओळ म्हणायची. "आम्ही दार न लावणाऱ्यांची लेकरं, पाहुण्याआधी न जेवणाऱ्यांची लेकरं." कुलपं लावणाऱ्या बाईच्या तोंडी ही ओळ, म्हणून मजा. इबिदूननं ती लहानपणी निळीच्या अंगणात एका म्हातारीकडून ऐकली होती. जुनं बोलणं असेल असं तिला वाटलं. पण आमच्याकडे प्रत्येक घराण्याची स्तुती वेगळी असते, आणि ती ओळ कानावर पडली की कुणाचं घर ते म्हातारी माणसं लगेच ओळखतात. ही ओळ कुणाची, हे तिनं कुणाला विचारलंच नाही.

मग तो साखरपुडा आला. सकाळपासून दुरो किरकिरत होता, कपाळ कोमट लागत होतं. तो आजीकडे राहीना. शेवटी इबिदूननं डोक्याला मोठा फेटा बांधला, त्याला माझ्यात घालून पाठीला घेतलं आणि माईक धरला. लोक म्हणाले, "व्वा, अलागाबरोबर छोटा अलागा!" माझं सगळं लक्ष त्याच्या कपाळाकडे.

रंग भरला होता. नवरदेव आणि त्याचे मित्र जमिनीवर पालथे झोपलेले. त्यातला एक पडल्या पडल्या ओरडला, "ताई, कुलूपमामीचा आवाज काढा ना!"

इबिदून फुलली. आवाज चढवून म्हणाली, "उठू नका रे! आम्ही दार न लावणाऱ्यांची लेकरं. आधी तुकडे मोजू द्या!"

मांडव खदखदून हसला. पण नवरदेवाच्या मोठ्या आत्या, गाव त्यांना सुबूओला काकू म्हणतं, त्या उभ्या राहिल्या. हसू एकेका रांगेत विझत गेलं.

"म्हणजे ती तू," काकू म्हणाल्या. "रेडिओवर आमच्या घराण्याची स्तुती चिकट बाईच्या तोंडी घालणारी. आम्हाला चिकट म्हणतेस? माझ्या बापाच्या दाराला कधी कडी नव्हती!"

इबिदूनची पाठ माझ्याखाली घामानं भिजली. दोन्ही घरांची एकेक अलागा असते, त्यातली दुसऱ्या बाजूची कानाशी लागली. "टेक गुडघे, म्हण चुकलं, संपव. जेवणं गार होतायत."

तिनं खरंच गुडघे टेकले. दुरो पाठीवर, मी त्याला घट्ट आवळून. "काकू, ओळ तुमच्या घरची आहे हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं, चुकले. आजपासून ती कुलूपमामीच्या तोंडी येणार नाही."

"ओळ राहू दे. ती बाईच बंद कर. आत्ता, सगळ्यांसमोर कबूल हो. नाहीतर या गावातल्या एकाही मांडवात तुझ्या हाती माईक येणार नाही. मला ओळखत नाहीस तू."

वधूची आई हात जोडून खुणावत होती, हो म्हण. मलाही क्षणभर वाटलं, म्हण बाई. पोराचं दूध, औषध, सगळं या मांडवांतूनच येतं.

इबिदून म्हणाली, "काकू, गुडघे टेकलेत ते तुमच्या वयाला. ओळ तुमची होती, परत दिली. गोष्ट माझी आहे. ती नाही देणार."

"काय उद्धट पोर आहे! घ्या रे तिच्या हातातला माईक!"

"घ्यायची गरज नाही." ती उठली आणि माईक दुसऱ्या अलागाच्या हातात दिला. मला वर ओढून दुरोची गाठ पक्की केली आणि मांडवातून चालत बाहेर पडली. मागून कुणी टाळी वाजवली नाही. वाजवली असती असं सांगायला मला आवडलं असतं.

काकूंनी शब्द खरा केला. ठरलेले साखरपुडे एकामागून एक रद्द झाले. रेडिओच्या साहेबांचाही फोन आला. "फार फोन येतायत गं. थोडे दिवस कुलूपमामी नको. पाककृती दे ना काहीतरी."

"पाककृती येत असत्या तर लिहीत कशाला बसले असते, साहेब?" असं म्हणून तिनं फोन ठेवला. मग तिनं दुरोच्या छातीवर हात ठेवून पाहिला. त्याचा ताप उतरला होता.

आईनं शेवटचं सांगून पाहिलं. "जाऊन ये काकूंकडे. थोडं वाकल्यानं कोण मरतं?"

"वाकले की आई. वाकायचं तेवढं वाकून झालं."

आता गोष्ट रेडिओवर नाही. इबिदून ती थेट फोनवरून पाठवते, बाजारातल्या बाया एकमेकींना पुढे सरकवतात. घर ओढाताणीत चाललंय, खोटं कशाला सांगू. चरित्रांचं काम तेवढं टिकलंय, कारण माणसं मरताना सुबूओला काकूंची परवानगी घेत नाहीत.

माझा निळा रंग उडालाय. दुरोच्या दातांनी एक कोपरा कुरतडलाय. तरी मी मऊ आहे, मजबूत आहे, आणि कुणी मला विचारलं की तू झोळी का पडदा का पोशाख, तर मी सांगते की तिन्ही आहे, तुम्हाला काय त्रास आहे? माझ्या इबिदूनलाही कुणी एकच काहीतरी हो म्हणून सांगू नका. ती ऐकणार नाही.

आज शनिवार. दुरो झोपलाय. ती टेबलाखाली शिरलीय, मला खाली सोडलंय. सलूनचा जनरेटर फटफटतोय, तो मी बघते. तुम्ही जरा गप्प बसा. कुलूपमामीनं घसा खाकरलाय.