विश्वाचा षड्ज

मुलुंडच्या जयवंत पेडणेकरला लग्न करायचं नव्हतं, असं मुळीच नाही. चौतिसावं लागलं होतं, आई सुगंधाबाईंनी नवस बोलून बोलून देव थकवले होते, आणि खरं सांगायचं तर त्यालाही एकटेपणाचा मनापासून कंटाळा आला होता. पण त्याला बायको हवी होती ती कान असलेली. बाकी नाकीडोळी कशीही चालेल म्हणायचा.

दोन खोल्यांच्या घरात त्याच्या दोनशे बारा रेकॉर्डी होत्या. कपाट त्यांचं, वडिलांची, म्हणजे नानांची, औषधं शिवणयंत्रावर. नवी रेकॉर्ड पाकिटातून काढतानाचा वास, सुई टेकल्यावरची पहिली खरखर, यात सुख असतं, ते कुणी नाकारू नये. जयवंतचं दुखणं एवढंच, की ते सुख चार लोकांना समजावून सांगितल्याशिवाय त्याला पचत नसे.

शहाऐंशीच्या मे महिन्यात मढच्या एका बंगल्यातला परदेशी भाडेकरू सामान विकून मायदेशी निघाला. त्याच्याकडून जयवंतने एक पांढऱ्या पाकिटाची रेकॉर्ड आणली. ‘याला अँबियंट म्हणतात,’ त्या गोऱ्याने सांगितलं होतं, ‘हे संगीत खोलीत नुसतं असतं.’ जयवंतने घरी येऊन कपाट सरकवलं, रेकॉर्डचं यंत्र भिंतीला नीट लावलं आणि रेकॉर्ड चढवली. स्पीकरमधून आला एक खोल, अखंड ‘हंऽऽऽ’. जयवंतचे डोळे भरून आले.

‘विश्वाचा षड्ज!’ तो म्हणाला.

‘झिला, आमच्या मिलीत मोटार बिघडली काय असोच आवाज येयचो,’ नाना म्हणाले. तीस वर्षं साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, काढलेला माणूस तो, संपात नोकरी गेलेली. त्याच्या मताला कोण विचारतो!

त्या दिवसापासून बाकी दोनशे बारा रेकॉर्डी धूळ खात पडल्या. षड्ज नीट ऐकू यावा म्हणून जयवंतने बेस पूर्ण चढवला, ट्रेबल शून्यावर नेला. मध्येच लांब कुठेतरी नळ ठिबकल्यासारखं टिंग, टिंग व्हायचं. ती रेकॉर्डवरची घाण, असं ठरवून तो दर रविवारी ती रिठ्याच्या पाण्याने धूत असे. दर शनिवारी सोसायटीतली चार माणसं डोळे मिटून बसू लागली. बँकेतला नंदकुमार तर रडायचा. रेकॉर्ड संपून सुई उचलली तरी ‘हंऽऽऽ’ चालूच राही. त्याला जयवंतने ‘निनाद’ असं नाव दिलं होतं, आणि एकाही शहाण्याला शंका आली नाही.

मुली बघण्याच्या कार्यक्रमात इतर लोक मुलीला गायला सांगतात. जयवंत मुलीलाच घरी बोलावून ऐकायला सांगू लागला. एक बाजू, बावीस मिनिटं. पहिलीने विचारलं, ‘गाणं कधी सुरू होणार?’ दुसरीला वाटलं, फ्रिज बिघडलाय. तिसरीला छान झोप लागली. ती त्याला जवळजवळ पसंत होती, पण तिच्या आईने चिमटा काढून तिला उठवलं आणि ती किंचाळली.

चौथी घाटकोपरची वसुधा, आपल्या शिवदासमामांबरोबर आली. स्थळाच्या माहितीच्या कागदावर लिहिलं होतं, खासगी नोकरी. साक्षीला नंदकुमार होताच. जयवंतने दिवा मंद केला. वसुधाने पोह्यांची बशी खाली ठेवली, मान किंचित कलती केली आणि खरोखर ऐकू लागली. जयवंत खुर्चीच्या टोकावर सरकला. हीच ती, असं त्याला वाटलं.

दोन मिनिटांनी ती म्हणाली, ‘अहो, तुमची अर्थिंगची वायर सुटलीय.’

‘शूऽऽ,’ नंदकुमार म्हणाला.

‘शू काय? कारखान्यात दिवसभर कानाला हेडफोन लावून रेकॉर्डी तपासते मी. खराब निघाली की बाजूला काढायची. हा हम आहे, विजेची घरघर.’ ती उठली, यंत्रामागे हात घातला, लोंबणारी वायर शोधली आणि केसातल्या पिनेने स्क्रू आवळला. बेस उतरवला, ट्रेबल चढवला.

विश्वाचा षड्ज गप्प झाला. मग त्या शांततेत पियानोचा एक सूर आला. खूप वेळाने दुसरा. मध्ये नुसती मोकळी जागा, संध्याकाळी समुद्र ओसरल्यावर दिसते तशी. दर रविवारी तो रिठ्याने धुवायचा ती टिंग, टिंग घाण हीच होती. इतकं सुंदर जयवंतने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ते देणारी बाई समोर पिन केसात खोचत उभी होती. तिचे हात धरावेत असं त्याला वाटलं.

तेवढ्यात नंदकुमार म्हणाला, ‘अरे यार, षड्ज कुठे गेला? मग आम्ही चार महिने काय ऐकलं?’

सगळे जयवंतकडे बघू लागले. नानासुद्धा. एक वाक्य पुरलं असतं: माझं चुकलं. पण पेडणेकरांच्या घरात ते वाक्य कुणी वापरलेलं नव्हतं.

‘यांनी रचनेचा पायाच काढला,’ जयवंत म्हणाला. त्याने वाकून वायर सोडवली. ‘हंऽऽऽ’ परत आला. नंदकुमारने हुश्श करून डोळे मिटले. ‘प्रत्येकालाच रसिकता असते असं नाही, वसुधाताई.’

बघायला आलेल्या मुलीला ताई! सुगंधाबाईंनी कपाळावर हात मारला.

वसुधाने पोहे संपवले, छान झालेत म्हणाली आणि मामांबरोबर निघून गेली.

त्या रात्री जयवंतला झोप आली नाही. सकाळी तो आईला म्हणाला, ‘मुलगी पसंत आहे म्हणून कळव. नंदकुमारला इतक्यात बोलू नकोस.’ चार दिवस तो जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडत होता. पाचव्या दिवशी शिवदासमामा स्वतः आले. बिचारे भले गृहस्थ. चहा पूर्ण प्यायले, मग बोलले.

‘तिचा नकार आहे. मी पुष्कळ समजावलं. म्हणते, मामा, वायर सुटते कुणाचीही, त्याचं काही नाही. त्या माणसाला पियानो ऐकू आला होता, मी त्याचा चेहरा बघितला. तरी त्याने वायर काढली.’